मदत हवी आहे: दुकानदार ते खासदार, नेमका शब्द कोणता?

नमस्कार मंडळी. न्यूझीलंडच्या रिचर्ड सेडन यांच्यावर वाचनालयाच्या अंकासाठी लिहितेय. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा हा माणूस १८६६ साली सोन्याच्या मागे न्यूझीलंडच्या वेस्ट कोस्ट भागात गेला, तिथे दुकान टाकलं, पुढे दारूही विकू लागला. वकील नसूनही खाणकामगारांचे खटले लढवले. मला वाटतं, १८७९ ची खासदारकी त्यातूनच आली. १८९३ ते १९०६, मरेपर्यंत पंतप्रधान! वृद्धांना पेन्शन त्यांच्याच सरकारने १८९८ साली दिलं.

अडलंय एका शब्दावर. खाणीवरच्या अशा दुकानदाराला काय म्हणू? 'वाणी' लिहिलं तर जात डोकावते, 'किराणावाला' म्हटलं तर कुदळ-फावडी सुटतात. तुमच्याकडे आडगावातल्या सगळं विकणाऱ्या दुकानाला काय म्हणतात? कृपया गावाच्या नावासकट सांगा. अंक पुढच्या आठवड्यात छापायला जातोय.