दूध न घालता चिया पुडिंग: नाजूक पोटाला मानवेल असं कसं करायचं?

पहाटेचा_डबा
मंडळी, माझी कायम रात्रपाळी असते. पहाटे पाचच्या सुमाराला कडकडून भूक लागते आणि त्या वेळी तळलेलं किंवा दुधाचं काहीही खाल्लं की पुढचा दिवस वाया जातो. लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही हे हायड्रोजनच्या श्वास-चाचणीत कळलं आहे. शिवाय डॉक्टर आयबीएस (आतडं वारंवार बिघडण्याचा विकार) म्हणतात, म्हणजे पोट एरवीही रुसलेलंच.

डब्यात नेता येईल असं थंड, मऊ काहीतरी हवं म्हणून चिया पुडिंगकडे वळलो. इंटरनेटवर मिळालेली कृती अशी: एक कप डब्यातलं दाट नारळाचं दूध, चार टेबलस्पून चिया (भिजवल्यावर फुगणाऱ्या बारीक बिया), एक पिकलेलं केळं, चार खजूर, वरून मध. दुधाचा थेंब नाही. चवीला फक्कड. पण दोन तासांत पोट टम्म, आणि पट्टा सैल करून खुर्चीत बसायची वेळ.

आता प्रश्न. हा त्रास चियाचा आहे की बाकीच्या मालाचा? दुधाऐवजी नक्की काय वापरू? आणि गोडाला काय घालू? माझ्याकडे ब्लेंडर नाही, घ्यायचाही नाही. कामाला निघण्यापूर्वी पाच मिनिटांत कालवून होईल असंच सांगा.

उगाच_डोकावलो
एक बाळबोध शंका. लॅक्टोज-फ्री दूध मिळतं की, ते का नाही वापरत?

पहाटेचा_डबा
वापरून झालं. पोटाला चाललं, पण मला ते फार गोड लागतं. आणि घरात एकाला दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे. एकाच भांड्यात दोघांचं व्हावं अशी इच्छा आहे.

मंद_आच
मग तुमचं दूध टाळणं योग्यच आहे. लॅक्टोज-फ्री दुधात लॅक्टेज नावाचं एन्झाइम घालून लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे तुकडे केलेले असतात. म्हणून ते गोड लागतं. प्रथिनं मात्र जशीच्या तशी राहतात, त्यामुळे अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला ते अजिबात द्यायचं नाही.

आता तुमच्या कृतीबद्दल. मी स्वतः आयबीएसवाली, त्यामुळे अधिकारवाणीने बोलते (डॉक्टर नाही, फक्त भुक्तभोगी). त्या वाटीत गुन्हेगार एक नाही, टोळी आहे.

सगळ्यात आधी चियाचं प्रमाण. एक टेबलस्पून चिया साधारण १२ ग्रॅम भरतो, म्हणजे चार टेबलस्पून ४८ ग्रॅम. चियात शेकडा ३४ च्या आसपास तंतू असतात. हिशोब करा: एका वाटीत १६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात किमान २५ ग्रॅम तंतू घ्या म्हणते, आणि तुम्ही त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा पहाटे पाचला एका दमात पोटात ढकलताय. ज्याचं पोट ठणठणीत आहे तोही फुगेल.

मग केळं, खजूर आणि मध. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, तिथे आंबणाऱ्या शर्करांवर बरंच काम केलं आहे. पिकलेल्या केळ्यात आणि खजुरात फ्रुक्टान (फॉडमॅपचाच एक प्रकार) असतात, मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं. आयबीएसवाल्याला यातली एखादी गोष्ट थोडी चालूनही जाते, पण तुम्ही तिघांची एकदम मेजवानी घातलीत. त्यात दाट नारळाचं दूध. त्यातल्या स्निग्धांशामुळे जठर हळू रिकामं होतं, मग तासन् तास जडपणा. चिया बिचारा एकटा असता तर कदाचित एवढा बोभाटा झाला नसता.

मी करते ते असं. १ टेबलस्पून चिया, १२० ते १५० मिली बिनसाखरेचं बदामाचं दूध, चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचे दोन-तीन थेंब, १ ते २ चहाचे चमचे मेपल सिरप. सिरप नसेल तर सरळ साखर घाला. साखरेचं नाव काढलं की लोक दचकतात, पण एखाद-दोन चमच्यांपुरती ती फ्रुक्टोज न पचणाऱ्याला मधापेक्षा बरी पडते, कारण तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज समसमान असतात आणि ग्लुकोज सोबत असलं की फ्रुक्टोज शोषलं जायला मदत होते.

झाकणाच्या बरणीत आधी दूध ओता, मग चिया भुरभुरा. उलट केलंत तर बिया तळाशी चिकटून बसतात. काट्याने ढवळा आणि दहा मिनिटं विसरून जा. नंतर पुन्हा ढवळा. हे दुसऱ्यांदा ढवळणं फार महत्त्वाचं, कारण गुठळ्या पहिल्या दहा मिनिटांतच बांधल्या जातात. मग फ्रिजमध्ये. दोन तासांत जमतं, पण नाजूक पोटाने रात्रभर किंवा निदान सहा-सात तास थांबावं. चिया स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी ओढतो. ते पाणी त्याने बरणीत ओढलेलं बरं, तुमच्या पोटात नको.

पुडिंग चमच्यातून सहज ओघळलं पाहिजे. फोटोतल्यासारखं चमचा उभा राहील असं घट्ट करू नका, ते फोटोपुरतं ठीक. आणि पहिला आठवडा अर्धाच टेबलस्पून घ्या, दुधाचं प्रमाणही त्याच बेताने. मानवलं तर वाढवा. बाकी दिवसात पाणी नेहमीसारखं पीत राहा. तंतू वाढवून पाणी कमी केलं की उलट बद्धकोष्ठ होतं.

लेबलवाचक
वरचं सगळं पटलं, फक्त बदामाच्या दुधाबद्दल सावध करतो. ‘वनस्पतीजन्य दूध’ एवढं वाचून खूश होऊ नका, खोका उलटा करून घटक वाचा. बऱ्याच खोक्यांत तंतू वाढवायला इनुलिन किंवा चिकोरीच्या मुळाचा अर्क घालतात. इनुलिन म्हणजे फ्रुक्टानच. खजूर टाळून तेच विकत आणण्यासारखं! ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या काही पदार्थांत सॉर्बिटॉल, झायलिटॉल किंवा माल्टिटॉल असतं, त्यांनीही पोट फुगतं आणि जास्त झालं तर जुलाब होतात. ग्वार गम, जेलन गम वगैरे दाटपणासाठी घातलेले पदार्थ बहुतेकांना थोड्या प्रमाणात चालतात, पण चिया आधीच बुळबुळीत, त्यात हेही कशाला? घटकांची यादी जितकी आखूड तितकं बरं.

काजूचं दूध आयबीएसवाल्यांनी जपूनच घ्यावं. सोयाचं दूध अख्ख्या सोयाबीनचं आहे की सोया प्रथिनाचं, हे बघा. अख्ख्या दाण्याच्या दुधात गॅस करणाऱ्या शर्करा जास्त राहतात. ओटचं दूध कपभर घेतलं तर काहींना त्रास देतं. नारळाचं हवंच असेल तर दोन-तीन चमचे दाट दूध बाकी पाण्यात मिसळून घ्या, चव पुरेशी उतरते.

आणि कॅल्शियम घातलेलं दूध असेल तर खोका हलवून घ्या, ते तळाशी बसतं. दूध सोडलेल्यांना ते कॅल्शियम खरंच हवं असतं. चियातही कॅल्शियम असतं, पण चमचाभराने भागणार नाही.

गोळी_नंतर_जेवण
औषधांच्या क्षेत्रात आहे म्हणून दोन गोष्टी. कोरडा चिया चमच्याने तोंडात टाकून वर पाणी पिण्याची टूम आहे, ती करू नका. २०१४ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या वार्षिक परिषदेत अशी एक केस मांडली गेली होती. माणसाने चमचाभर कोरडा चिया खाऊन ग्लासभर पाणी प्यायलं, बिया अन्ननलिकेतच फुगल्या आणि एन्डोस्कोपी करून गोळा मोकळा करावा लागला. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं आहे, त्यांनी भिजवलेलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

दुसरं, थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती चियासोबत घेऊ नये. जास्त तंतू बरोबर असले की लेव्होथायरॉक्सिन कमी शोषलं जातं. किती अंतर ठेवायचं ते आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

उगाच_डोकावलो
एवढं सांभाळून खायचं असेल तर चिया हवाच कशाला? मला तर ते बेडकाच्या अंड्यांसारखं दिसतं.

मंद_आच
@उगाच_डोकावलो, डोळे मिटून खा! बाकी मुद्दा अगदीच चुकीचा नाही. चियाशिवाय कुणाचं काही अडत नाही. पण यांना आयतं, थंड, दूध नसलेलं आणि न शिजवता होणारं हवंय. अशा गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या.

बिया दाताखाली येणं आवडत नसेल तर दळलेला चिया आणा. खीर-पुडिंग जास्त एकजीव होतं, अर्ध्या तासाच्या आत जमतं, आणि त्यातलं ओमेगा-३ अख्ख्या बियांपेक्षा चांगलं शोषलं जातं. मात्र दळलेला थोडाच आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा, त्यातलं तेल लवकर खवट होतं.

पहाटेचा_डबा
सगळ्यांचे आभार. घरातला खोका उलटा करून पाहिला, चिकोरी आहेच! म्हणजे तो बदलायचा. आणखी दोन शंका. मी रात्री नऊला निघतो आणि पाचला खातो, तोवर हे टिकेल का? आणि फळाशिवाय खायचं जिवावर येतं, मग कुठलं घालू?

मंद_आच
आठ तास बाहेर नको. उघडलेलं बदामाचं दूध हे नाशवंतच. कामाच्या ठिकाणी फ्रिज असेल तर पोचल्या पोचल्या आत ठेवा, नाहीतर इन्सुलेटेड पिशवीत बर्फाच्या पॅकसोबत न्या. घरच्या फ्रिजमध्ये चारेक दिवस चांगलं राहतं, तेव्हा दोन बरण्या एकदम करून ठेवल्या तरी चालतात. खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. काहींना पोटात एकदम गार गेलं की कळ येते, मी त्यातलीच.

फळात ब्लूबेरी किंवा थोड्या स्ट्रॉबेरी घ्या. केळं हवंच असेल तर किंचित कच्चट, घट्ट, आणि अर्धंच. आंबा आणि सफरचंद सध्या नको. फळ वेगळ्या डबीत न्या आणि ऐन वेळी घाला, आधी घातलं तर पाणी सुटून खालचा थर पचपचीत होतो.

एक राहिलंच. पहिल्यांदा करताना फळ घालूच नका. नुसतं चिया, दूध आणि चमचाभर साखर, तेही सुट्टीच्या दिवशी घरी. ते चाललं की मग एकेक गोष्ट वाढवा, म्हणजे पोट बिघडलंच तर कुणाचा कान धरायचा ते कळेल.

पहाटेचा_डबा
परवा सुट्टी आहे. अर्धा टेबलस्पून, चिकोरी नसलेलं दूध, फळ नाही. कसं झालं ते इथेच लिहितो.