१८ पूर्ण व्हायची वाट बघू नका
ताई, तुमची दिव्यांग लेक १६ची आहे, १८ झाली की पुढचं बघू असं तुम्ही लिहिलंय, पण प्लीज थांबू नका. आम्ही थांबलो आणि मुलाच्या बँकेच्या कामात अडकलो, कारण १८ नंतर कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मात्र आत्ताच काढून घ्या. आणि रोजचं शिकवणं सोडू नका, आमचा लेक वर्षभर एकटा खाली जाऊन दुधाची पिशवी आणायचा, सुटे पैसे तळहातावर पसरून दुकानदारासमोर मोजायचा, आता उरलेले पैसे स्वतःहून मागून घेतो. तिला पुढे काय करायला आवडेल ते तिलाच विचारा हां, आम्ही फार उशिरा विचारलं.