आधी व्हर्नियरनं माप, मग कार्बन
खड्ड्यात जुन्या सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) वाकलाय तर आता कार्बनचाच घाला, हा सल्ला मला घाईचा वाटतो. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक स्टील रोडबाइकचा स्टीअरर, म्हणजे फोर्कची वर हँडलकडे जाणारी नळी, १ इंची (२५.४ मिमी), आट्यांचा असतो. आजचे फोर्क साधारण २८.६ मिमीचे, तेही बिनआट्यांचे. जुन्या हेडट्यूबमध्ये (स्टीअरर जिच्यातून जातो ती फ्रेमची पुढची नळी) ते शिरतच नाहीत.

स्टीअररची लांबी जुन्या फोर्कवरून घ्या. जास्त असेल तर कापता येते, पण आटे फक्त वरच्या टोकाला असतात; जास्त कापलं की आटेच उरत नाहीत. क्राऊन रेसची (स्टीअररच्या बुडाशी बसणारं बेअरिंगचं कडं) बैठक २६.४ की २७ मिमी, हेही बघा. इथंच आमच्या मिस्त्रीनं न मोजता हातोडीनं काम भागवलं होतं, नंतर हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंगं) महिनाभर कुरकुरत होता. रेक (स्टीअररच्या रेषेपासून चाकाचा आस किती पुढे, ते अंतर) जुन्याइतकाच ठेवा, ब्रेकची पोहोच (पॅड रिमपर्यंत नीट येतात ना) तपासा.

आणि हो, हेडट्यूबच्या मागं डाउनट्यूबला (पेडलकडे उतरणारी तिरकी नळी) खालून बोट फिरवा. फुगवटा लागला तर फ्रेमच वाकलीय, नव्या फोर्कवर पैसे घालू नका.

मी लातूरला क्रोमोलीचाच (एक प्रकारचं मिश्र स्टील) घातला. थोडा जड आहे, पण टायरभोवती जागा मोकळी आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती चाकात कशी गच्च बसते, ते इकडच्यांना सांगायला नको.