प्रतिसाद : डेटा कुणाचा, हे आधी बघूया

लाखो लोकांच्या आरोग्याच्या माहितीमुळे, म्हणजे मोठ्या डेटामुळे, लवकरच प्रत्येकाला आपला आजार आधीच कळेल, असं एका लेखात म्हटलंय; त्याला हा प्रतिसाद. आशा मलाही आहे, पण तो डेटा कुणाचा? यूके बायोबँकेत, म्हणजे ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहात, ५ लाख माणसं आहेत, बहुतेक गोरी. त्यावर बेतलेलं आजाराच्या धोक्याचं गणित आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. आपल्याकडे अंगानं बारीक माणसालाही मधुमेह गाठतो, हे पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं सांगताहेत. जीनोमइंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम (म्हणजे सगळी जनुकीय माहिती) वाचले गेले, ही मोलाची सुरुवात.

पण जनुकं राहू द्या, आधी साधे कागद बघा. मिरजेत कुठल्याही ओपीडीबाहेर जत-अथणीकडून आलेली म्हातारी माणसं कॅरीबॅग सांभाळत बसलेली असतात. आत वेगवेगळ्या लॅबचे शुगर रिपोर्ट, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि पुसट झालेला ईसीजी. एवढ्या वर्षांची माहिती, आणि डॉक्टरांना ती चाळायला जेमतेम दोन मिनिटं! आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याला रिपोर्ट जोडता येतात, दाखवायचे की नाही ते आपल्या संमतीवर. घरातल्या पोरांनी आजी-आजोबांसाठी एवढं करावंच. आणि ईसीजीचा कागद बहुतेकदा थर्मल, म्हणजे उष्णतेनं छपाई होणारा असतो, त्यावरचं हळूहळू उडून जातं; त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा.