थिअरी ऑफ माइंडला ‘मनाचा सिद्धांत’ म्हणायचं का?

चिंपांझींच्या वागण्यावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडकलेय. थिअरी ऑफ माइंड. जिथे बघावं तिथे ‘मनाचा सिद्धांत’ सापडतं, पण ते वाचून वाटतं की मन म्हणजे काय हे कुणीतरी मांडलंय आणि त्या मांडणीचं हे नाव. खरं तर ही कुवत आहे, समोरच्याला काय हवंय, काय दिसतंय, काय माहितीये याचा अंदाज बांधायची. ‘चिंपांझीकडे मनाचा सिद्धांत असतो का’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. दुसरा रुळलेला शब्द आहे का?

उत्तर: खोडायची घाई नको. १९७८ साली प्रिमॅक आणि वुड्रफ या मानसशास्त्रज्ञांनी हा शब्द आणला तेव्हा ‘थिअरी’ मुद्दाम म्हटलं होतं, कारण दुसऱ्याचं मन डोळ्याला दिसत नाही, ते आहे असं धरून चालावं लागतं आणि त्यावरून तो पुढे काय करेल हे सांगता येतं. सारा नावाच्या चिंपांझी मादीला त्यांनी व्हिडिओ दाखवले, एकात माणूस बंद हीटरपाशी कुडकुडतोय, एकात कुलूप लागलेल्या पिंजऱ्यातून बाहेर पडायला धडपडतोय, मग फोटो पुढे ठेवले आणि बहुतेक वेळा तिने अडचण सुटेल तोच फोटो निवडला. म्हणजे त्या माणसाला काय हवंय हे तिला कळलं असं त्यांचं म्हणणं.

उत्तर: ‘परचित्तज्ञान’ आहे की योगशास्त्रातला तयार शब्द!

उत्तर: तो नाही चालणार. परचित्तज्ञान ही सिद्धी, त्यात मन थेट दिसतं, अंदाजाचा प्रश्नच नाही. ज्ञानेश्वरीत ‘मनोगत वोळखे मुंगियेचें’ येतं तेही योग्याबद्दलच. पण त्यातलं क्रियापद मात्र उचला, ‘ओळखणं’. मराठीत आपण माणूस ओळखतो आणि कोडंही ओळखतो, ‘ओळख पाहू माझ्या हातात काय आहे’ म्हणतो, म्हणजे खूण पटणं आणि अंदाज करणं दोन्ही त्यात आलं. मी तर सरळ ‘मन ओळखणं’ म्हणेन.

आणि त्याला पायऱ्याही करता येतात, ज्या या विषयात फार लागतात. केनियातल्या अंबोसेलीत चेनी आणि सेफार्थ या संशोधकांनी व्हर्व्हेट माकडांच्या पिल्लाची किंकाळी रेकॉर्ड करून लपवलेल्या स्पीकरवर वाजवली, तर बाकीच्या माद्या त्या पिल्लाच्या आईकडे बघायला लागल्या. आवाज कुठून येतोय हे सोडून आईकडे! हे झालं नातं ओळखणं, याला मन ओळखणं म्हणायची गरज नाही. पुढे २००० सालचा हेअर, कॉल आणि टोमासेलोंचा प्रयोग, दबून राहणारा चिंपांझी आणि त्याच्यावर वरचढ असलेला समोरासमोर, एक खाऊ उघड्यावर आणि एक आडोशाला, जो फक्त दबणाऱ्याला दिसतो, तर तो जास्त करून आडोशाच्याच खाऊकडे जातो. ही नजर ओळखणं. सारा करत होती ते हेतू ओळखणं. क्रियापद एकच, आधीचा शब्द बदलायचा.

मूळ प्रश्न विचारणारी: हे फार आवडलं. लेखात मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांचा १९७६ चा मुद्दाही आहे, की प्रायमेट्सची, म्हणजे माकडं, चिंपांझी, माणूस या गटाची, बुद्धी वाढली ती मुख्यतः सोबत्यांशी निभावून नेताना, आणि तिथे नातं, नजर, हेतू असे वेगळे शब्द हाताशी असले की वाक्यं आपोआप सुटतात. आता फॉल्स बिलीफचं, म्हणजे समोरच्याच्या मनातल्या चुकीच्या समजुतीचं, काय करू? ‘खोटी श्रद्धा’ लिहिवत नाही.

उत्तर: गैरसमज! इतका नेमका शब्द असताना श्रद्धा कशाला मध्ये आणायची.

उत्तर: ‘गैरसमज’ला माझं पण मत. एक बाजूची गोष्ट, चिंपांझीला ‘वानर’ लिहू नका प्लीज, वानर म्हटलं की लांब शेपटीचं काळ्या तोंडाचं डोळ्यापुढे येतं आणि चिंपांझीला शेपूटच नसते. ‘कपी’ लिहा.

पण ‘ओळखलं’बद्दल मला शंका आहे. २०१६ चा प्रयोग घ्या, चिंपांझी, त्यांचे जवळचे भाऊबंद बोनोबो आणि ओरांगउटान यांना फिल्म दाखवली, किंगकाँगचा पोशाख घातलेला एकजण गवताच्या ढिगाआड लपतो, शोधणारा माणूस ते बघून दाराआड जातो, तेवढ्यात किंगकाँग तिथून निघून जातो. माणूस परत येतो तेव्हा या कपींची नजर आधीच त्या ढिगाकडे वळते जिथे तो आहे अशी माणसाची समजूत आहे. सुंदर प्रयोग आहे, पण त्यांनी गैरसमज ओळखला की ‘शेवटचं जिथे पाहिलं तिथेच शोधतात’ एवढा नियम त्यांना माहीत होता, यावर वाद आहे. आपल्याकडे ‘ओळखलं’ म्हटलं की बरोबर ओळखलं असंच ऐकू येतं, निकाल आधीच लागतो. त्यापेक्षा ‘ताडलं’? ताडणं बाहेरच्या खुणांवरूनच होतं, आत काय चाललंय याची हमी त्यात नाही.

मूळ प्रश्न विचारणारी: पटलं. मग कुवतीचं नाव ‘मन ओळखणं’ ठेवते आणि या प्रयोगापाशी लिहिते, ‘माणूस कुठे शोधेल हे कपींनी आधीच ताडलं, त्याचा गैरसमज त्यांनी ओळखला का, यावर वाद आहे.’ ‘मनाचा सिद्धांत’ फक्त एकदा, १९७८ च्या परिच्छेदात, कारण तिथे तो त्या दोघांचा शब्द आहे.