पहिलं क्लिनिकल पोस्टिंग: बूट कोणते घ्यावेत?

नवखी_सिस्टर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांनी पहिलं पोस्टिंग, मेडिकल वॉर्ड, आठ तासांची ड्यूटी, आठवड्याला पाच दिवस. सूचनापत्रात एवढंच आहे की बूट पांढरे, पुढून-मागून बंद आणि आवाज न करणारे हवेत. आतापर्यंत तीन प्रकार पाहिले: भोकाभोकांचे क्लॉग (नुसता पाय सरकवून घालायचे), लेदरचे लेसवाले बूट आणि पांढरे रनिंग शूज. क्लॉग पायात घातल्याबरोबर गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं, लेदरचे त्यामानाने कडक आहेत. अडचण अशी की माझा चवडा रुंद आहे आणि टाच अरुंद. चवडा बसेल असा बूट घेतला की टाच मागून निसटते. एक नंबर मोठा घेऊन दोन मोजे घातले तर चालेल का? आणि एक जोड घेऊ की दोन?

रात्रपाळी

आधी भोकांचा निकाल लावू. वॉर्डात पायावर काय काय पडतं ते डोळ्यांसमोर आणा: युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करताना उडणारे थेंब, सलाईन, बेडपॅनमधलं पाणी, ट्रेवरून घरंगळलेली उघडी सुई. भोकाचा क्लॉग यातलं काहीच अडवत नाही. शिवाय मागचा पट्टा नसेल तर क्लॉग पायात टिकवायला बोटं आखडून धरावी लागतात. पहिल्या तासात ते लक्षातही येत नाही. ड्यूटी संपेपर्यंत पोटऱ्या भरून येतात. घाईने वळलात तर क्लॉग मागे आणि तुम्ही पुढे. वरून सलग आणि मागे फिक्स पट्टा असलेला क्लॉग चालू शकतो, पण तुमच्या सूचनापत्रात 'मागून बंद' आहे, त्यामुळे आधी विचारून घ्या.

रनिंग शूजचं वरचं कापड म्हणजे जाळी. थेंब थेट मोज्यात, आणि जाळी पुसून स्वच्छ होत नाही. दुसरं म्हणजे ते सरळ पुढे धावण्यासाठी बनवलेले असतात, सोल जाड आणि उंच. रुग्णाला कुशीवर वळवताना किंवा पलंगावरून खुर्चीत घेताना आपलं वजन आडवं सरकतं आणि अशा सोलवर घोटा डुगडुगतो. त्याच धाटणीचे पण सलग लेदरचे, बसक्या सोलचे बूट मिळतात, ते चांगले.

आता तळ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. डब्यावर छापलेल्या 'अँटी-स्किड'ला अर्थ नाही. बुटाच्या जिभेच्या आत किंवा तळावर ईएन आयएसओ २०३४७ हे मानक दिसतंय का बघा. कामाच्या ठिकाणच्या पादत्राणांसाठीचं ते मानक आहे. जुन्या शिक्क्यांत पुढे एसआरए, एसआरबी किंवा एसआरसी असतं. एसआरए म्हणजे साबणपाण्याने ओल्या सिरॅमिक टाइलवरची चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलवरची, एसआरसी म्हणजे दोन्ही. २०२२ च्या आवृत्तीत ही तीन नावं गेली: साबणपाण्याची चाचणी मूळ अटीतच आली आणि वर ग्लिसरीनचीही पार केली तर एसआर. नुकतीच पुसलेली फरशी आणि सांडलेलं जेल धरता एसआरसी किंवा एसआर असलेला घ्या.

शिक्का नसेल तर तळावर अंगठ्याचं नख दाबा. रबर किंचित दबतं. कडक प्लास्टिक दबत नाही आणि ओल्या फरशीवर तेच घसरतं. तळावरच्या खाचा कडेपर्यंत उघड्या हव्यात, म्हणजे पाणी बाहेर फेकलं जातं. मध्येच बंद होणाऱ्या सुंदर नक्षीत पाणी अडकून राहतं.

२०३४५ लिहिलेले सेफ्टी शूज मात्र घेऊ नका. त्यांच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसायचा असतो, वॉर्डात तेवढं काही पडत नाही. वजन उगाच वाढतं, आणि टोपी स्टीलची असेल तर एमआरआयच्या चुंबकाच्या खोलीत रुग्णाला घेऊन जायची वेळ आली की दारातच अडाल.

मोजमाप

मोठा नंबर आणि दोन मोजे, हे अजिबात नको. बूट वाकण्याची जागा ठरलेली असते, चवड्याच्या सांध्याखाली. लांबी वाढली की ती जागा पुढे सरकते, पाय एकीकडे वाकतो आणि बूट दुसरीकडे. मग टाच प्रत्येक पावलाला वर-खाली घासते आणि फोड येतो. दोन मोज्यांनी फट भरते, पण आत घाम साचतो, आणि ओली त्वचा लवकर सोलवटते. तुम्हाला लांबी वाढवून उपयोग नाही, रुंदी वाढवायला हवी. एकाच नंबरात रुंद साचा कोणाकडे आहे ते विचारा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगतो. ड्यूटीला घालणार तेच मोजे घालून कागदावर उभं राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाका आणि पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांची आउटलाइन काढून घ्या. दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठा पाय धरून नंबर ठरवायचा. मग बुटातला इनसोल (आतला सुटा तळ) बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभं राहा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण १ सेंटीमीटर जागा उरायला हवी, आणि चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडता कामा नये. सांडत असेल तर तो बूट 'घालून घालून सैल होईल' या भरवशावर घेऊ नका. लेदर थोडं ताणतं, सिंथेटिक जवळपास नाहीच. करंगळीवर भोवरी मात्र हमखास येते.

लांब बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं.

टाच निसटण्यावर लेस बांधायची एक पद्धत आहे, म्हणूनच तुम्ही लेसवालेच घ्या. वरून दुसऱ्या भोकापर्यंत नेहमीसारखी फुलीसारखी लेस ओवा. तिथून लेस समोर न नेता त्याच बाजूच्या सर्वांत वरच्या भोकात बाहेरून आत घाला, पण ओढून घट्ट करू नका; दोन्ही बाजूंना छोटा फासा राहू द्या. आता डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, टोकं खालच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर धरली जाते आणि चवड्याकडची लेस सैल ठेवता येते. चवड्यावर तरीही दाब वाटला तर त्या एका टप्प्यात लेस आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात घ्या.

टाचदुखी

'गादीवर उभं राहिल्यासारखं' हेच फसवं आहे. दोन मिनिटं उभं राहून बुटाची परीक्षा होत नाही. फार मऊ फोम वजनाखाली दबून बसतो, तळपाय आत रुततो आणि प्रत्येक वळणाला पायाचे छोटे स्नायू तोल सावरत राहतात. निवडताना तीन गोष्टी हाताने करून पाहा. मागची टाचेची वाटी दोन बोटांनी दाबा: ती चेपली जाऊ नये. बुटाची दोन टोकं धरून पिळा: चिंध्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. पुढून वर वाकवा: चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर नको. टाच चवड्यापेक्षा साधारण २-३ सेंटीमीटर उंच असली तरी हरकत नाही, त्याहून जास्त नको.

सोलच्या मधल्या थराबद्दलही विचारा. ईव्हीए (फोमचा एक प्रकार) हलका पण लवकर दबतो. पीयू (पॉलियुरेथेन) जड पण टिकतो. पीयूची एक खोड माहीत असू द्या: न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिला तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून विघटित होतो. वरून बूट कोरा दिसतो आणि घातल्यावर काही दिवसांत सोलचा भुगा पडतो. त्यामुळे सीनियरचे 'एकदाही न घातलेले' बूट किंवा सेलमधला जुना माल घेताना सोल दाबून पाहा. चिकट लागला किंवा चिरा दिसल्या तर फुकटही नको.

तीन आठवडे हातात आहेत ते वाया घालवू नका. आजपासून घरात स्वच्छ फरशीवर रोज एक तास, चार दिवसांनी दोन तास, शेवटच्या आठवड्यात सलग चार. बूट चावतो ती जागा लाल झाली की लगेच तिथे टेप लावा, फोड यायची वाट पाहू नका. बोटं बधिर होऊ लागली तर आधी लेस सैल करून बघा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलालाच टाचेत कळ येऊ लागली आणि आठवडाभर टिकली, तर बूट बदलून पाहत बसू नका, दाखवून घ्या.

मोजे: निव्वळ सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. सुतात नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेला, बोटांवर जाड शिवण नसलेला, घोट्याच्या वरपर्यंत येणारा घ्या. एक कोरडी जोडी बॅगेत.

नवखी_सिस्टर

खूप आभार. रुंद साचा विचारते. दोन शंका: बुटावर रक्त उडालं तर काय करायचं, आणि मशीनमध्ये धुता येतात का? आणि दोन जोडांचं राहिलंच.

वॉर्ड_इनचार्ज

मशीनमध्ये नको. गरम पाण्याने आणि फिरण्याने सोलचा गोंद सुटतो. उन्हात वाळवल्यानेही तेच. आत कागद कोंबा, इनसोल बाहेर काढून वेगळा ठेवा, सावलीत वाऱ्यावर वाळवा.

रक्त किंवा इतर द्रव उडाला तर ग्लोव्ह्ज घालूनच हात लावायचा. आधी टिश्यूने टिपून घ्या, घासू नका. टिश्यू संसर्गजन्य कचऱ्यात. मग डिटर्जंटच्या ओल्या कापडाने पुसा आणि त्यानंतर वॉर्डातलं जंतुनाशक, तिथे ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेला वेळ. हा क्रम उलटा करू नका, कारण रक्त राहिलं असेल तर हायपोक्लोराइटचा (ब्लीचसारख्या जंतुनाशकाचा) बराचसा जोर त्यातच संपतो. वेळ झाली की साध्या पाण्याच्या कापडाने पुसून काढा, नाहीतर लेदर पिवळं पडतं, तडकतं आणि धातूच्या भोकांना गंज चढतो. मोजा भिजला असेल तर बूट-मोजा काढून पाय साबण-पाण्याने धुवा. सुई आरपार जाऊन पाय टोचलाच, तर दाबून रक्त काढू नका, धुवा आणि ड्यूटी संपायची वाट न पाहता त्याच मिनिटाला इनचार्जना सांगा.

हे बूट घरून घालून येऊ नका. वेगळ्या पिशवीत आणा, चेंजिंग रूममध्ये बदला. ओटी (ऑपरेशन थिएटर) किंवा लेबर रूमला पाठवलं तर तिथली पादत्राणं तिथेच असतात. नुसतं शू-कव्हर दिलं तर जपून चाला, ओल्या फरशीवर ते तुमच्या चांगल्या सोलची पकड झाकून टाकतं.

दोन जोड असतील तर उत्तम, घामाचा ओलावा पूर्ण उतरायला दिवसभर लागतो. पण दोन स्वस्त जोडांपेक्षा नीट बसणारा एकच घ्या आणि जास्तीचे इनसोल ठेवा, रोज आलटून पालटून.

आवाजाचं राहिलं. नवा बूट चुळचुळला तर बहुधा इनसोल आणि त्याखालच्या थरामध्ये ओल असते. इनसोल काढून वाळवा आणि खाली चिमूटभर टाल्कम टाका. चिमूटभरच, आणि घरीच: फरशीवर सांडलेली टाल्कम पाण्यापेक्षा वाईट घसरते.

मोजमाप

पांढऱ्या लेस सगळ्यात आधी मळतात आणि पुसून निघत नाहीत. एक जादा जोडी घेऊन ठेवा आणि दर आठवड्याला काढून धुवा. वर सांगितलेल्या फाशाच्या पद्धतीत लेस जास्त खर्च होते, म्हणून मूळ लेसपेक्षा १०-१५ सेंटीमीटर लांब घ्या. आणि उरलेली टोकं आत खोचा. लोंबती लेस सगळ्यात आधी अडकते ती पलंगाच्या चाकात.