वाटणीच्या दाव्यालाही पक्की मुदत हवी

खानापूरकर:
आमचा वाटणीचा दावा 14 वर्षं चाललाय. नुसती कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला भाऊबंदांनी दीड वर्ष लावलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 2002 च्या दुरुस्तीनं कैफियतीला समन्स मिळाल्यापासून 30, फार तर 90 दिवस दिले. मग 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं ही मुदत सक्तीची नाही म्हटलं, झालं! पण तीन लाख आणि वरचा व्यापारी दावा असला तर 120 दिवसांनंतर कैफियत घेतच नाहीत. व्यापाऱ्याला घड्याळ, शेतकऱ्याला पंचांग. संसदेनं कायदा बदलून सगळ्यांना एकच नियम लावावा.

काळा कोट, बेळगाव:
साहेब, व्यापाऱ्याचा वकील आधीपासून ठरलेला असतो. माझा एक पक्षकार गोव्यात गवंडीकामाला. समन्स कन्नडमध्ये, घरात आईनं घेतलं आणि देव्हाऱ्याखाली ठेवलं. घरच्या मोठ्या माणसानं घेतलं की कायद्यानं बजावणी झाली. पोराला कळलं पाच महिन्यांनी. तुमच्या नियमानं त्याचं म्हणणं न ऐकताच वाटणी झाली असती.

खानापूरकर:
मग समन्सबरोबर मराठी प्रत द्या. खालच्या कोर्टाची भाषा ठरवणं त्याच संहितेच्या कलम 137 नं राज्य सरकारकडे आहे, अडवतंय कोण? गवंडी एक, वेळ काढणारे दहा.

काळा कोट, बेळगाव:
कोण अडवतं ते बेळगावात राहून विचारताय होय? आणि दहाचा आकडा कुठून काढलात?

निपाणीचा तंबाखूवाला:
दोघंही कैफियतीवरच भांडताय. आमचा निकाल 2018 ला लागला, आमच्या बाजूनं, पेढे वाटले. नंतर कळलं की तो प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा हिस्सा किती एवढंच. जमीन सरकारला सारा भरायची, म्हणून प्रत्यक्ष वाटणीसाठी आमचा कागद महसूल खात्याकडे गेला. मोजणीला माणूस आला, शेजाऱ्यानं तक्रार केली, माणूस परत. बांध होता तिथंच आहे, ऊस थोरले काका लावतात. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलंय, पण आम्ही दरखास्तीपर्यंत पोचायचं कधी? मुदत घालायची तर या महसूल खात्याला घाला.

येळ्ळूरकर:
सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं 2004 ला घातलाय. तुम्ही 14 वर्षांचं काय सांगता!

काळा कोट, बेळगाव:
निपाणीकर, मोजणीबद्दल तुमचं पटलं. तिथं 120 दिवसांची सक्ती मलाही चालेल. कैफियतीला मात्र नाही.

खानापूरकर:
मला दोन्हीकडे हवी. उद्या परत तारीख आहे, साक्षीदार आला तर लिहितो.